पन्नास नऊ

आमच्या अव्वाला, म्हणजे वडिलांच्या आईला, शेवटपर्यंत 'एकोणसाठ' म्हणता आलं नाही. ती 'पन्नास नऊ' म्हणायची. एकोणतीसला वीस नऊ, त्रेसष्टला साठ तीन. सोलापूरच्या अशोक चौकातली भाजीवाली हसायची, "अव्वा, एकोणसाठ म्हण की!" त्यावर अव्वाचं उत्तर ठरलेलं असायचं, "पन्नास नऊच की गं. साठ कुठं झालं अजून?"

मी गेली सव्वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते, त्यातली बरीच वर्षं दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. दरवर्षी एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ आलं की मुलं अडखळतात आणि मला अव्वाचा तो प्रश्न ऐकू येतो. पूर्वी नुसता ऐकू यायचा. हल्ली वाटतं, तिला उत्तर द्यायचं राहून गेलंय.

आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे विणकर. अव्वा करीमनगरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन सोलापुरात आली, तेव्हा तिकडे निजामाचं राज्य होतं. तिच्या सासरचे त्याच्याही आधी दोन पिढ्या इथे आलेले. 1860 ला सोलापूरला रेल्वे आली, 1877 ला सोलापूरकर आजही जिला 'जुनी मिल' म्हणतात ती निघाली, आणि तेलंगणातल्या विणकरांचा ओघ इकडे वाढला. कुणी मिलमध्ये लागलं, कुणी घरातच माग घातला. साखर पेठ, दाजी पेठ, कन्ना चौक असा सगळा पूर्व भाग आमच्या लोकांनी भरून गेला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, नवरात्रात फुलं रचून बतुकम्मा मांडतात. परगावची माणसं पूर्व भागात पहिल्यांदा आली की विचारतात, "हे महाराष्ट्रातच आहे ना?" आहे की. आमच्या चार पिढ्यांनी विणलेल्या चादरी महाराष्ट्र अंगावर घेऊन झोपलाय.

अव्वाच्या काळी पूर्व भागात मराठीचा एक शब्द न येता आयुष्य काढता येत होतं. मागाचा मालक तेलुगू, किराणावाला तेलुगू, सुईण तेलुगू. मग अव्वा मराठी शिकली ती कुठं? नळावर. आमच्या शेजारी एक लिंगायत कुटुंब राहायचं, घरात कानडी बोलणारं. त्या घरच्या बाईंना तेलुगू येत नव्हतं, अव्वाला कानडी येत नव्हतं. पहाटे घागरी लावून दोघी बसायच्या, बोलायला तर हवंच, मग दोघी मराठीत बोलायच्या. दोघींपैकी एकीचीही ती घरची भाषा नव्हती. तिथेच भाव ठरले, तिथेच औषधं सांगितली गेली, घागरीच्या नंबरावरून भांडणंही तिथेच झाली. माझ्या वडिलांच्या बारशाला पहिलं कुंची-अंगडं त्या बाईंकडून आलं होतं. पुण्या-मुंबईची माणसं आमच्या सोलापुरी 'काय करलालास बे'ला हसतात, तेव्हा मला नळावरच्या त्या दोघी दिसतात. ही मराठी कुणी पुस्तकातून आणलेली नाही. गरज पडली म्हणून माणसांनी एकमेकांसाठी ती घडवली आहे.

अव्वाच्या मराठीत दोन गोष्टी कायम चुकायच्या आणि एक गोष्ट कधीच चुकायची नाही.

चुकायचे ते आकडे. तेलुगूत एकोणसाठला 'याभै तोम्मिदि' म्हणतात. याभै म्हणजे पन्नास, तोम्मिदि म्हणजे नऊ. अकरा ते एकोणीस सोडले तर पुढे सगळं असं सरळ जातं, आधी दहाची रास, मग सुटे. मराठीत एकोणसाठ म्हणताना आपण साठपर्यंत पुढे जातो आणि तिथून एक मागे येतो. आपल्याला सवयीनं ते जाणवत नाही. अव्वाला दर वेळी जाणवायचं.

दुसरं चुकायचं ते लिंग. तेलुगूत पुरुषाचं क्रियापद वेगळं, पण बाई आणि वस्तू यांना एकवचनात एकच. 'अम्मायि वच्चिंदि' म्हणजे मुलगी आली, 'बंडि वच्चिंदि' म्हणजे गाडी आली. त्यामुळे अव्वाच्या मराठीत सगळ्या बायका नपुंसकलिंगात यायच्या. 'सूनबाई आलं', 'बाई गेलं', 'पोरगी जेवलं'.

आणि कधी चुकायचं नाही ते 'आपण' आणि 'आम्ही'. 'आम्ही बाजारला चाललोय' म्हणजे तू नाहीस, 'आपण बाजारला जाऊ' म्हणजे तूही चल. हा फरक हिंदीत नाही, इंग्रजीत नाही. तेलुगूत मात्र आहे, 'मेमु' आणि 'मनमु'. कानडीतल्या काही बोलींतही आहे. भाषेचे अभ्यासक म्हणतात की मराठीत हा भेद द्राविड भाषांच्या शेजारानंच आला असावा. अव्वाला तो शिकावा लागला नाही, तो घेऊनच ती आली होती. अक्का आणि अण्णा हे शब्दही तिला आयतेच मिळाले, ते दोन्ही घरांचे.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

मी दुसरीत होते, 1981 चं साल. अम्मा, म्हणजे माझी आई, विड्या वळायला बसलेली असायची, म्हणून दुपारचा डबा अव्वा आणून द्यायची. शाळा मराठी. अम्मा स्वतः महापालिकेच्या तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, पण पुढं हायस्कूलला, नोकरीला अडायला नको म्हणून मला मराठीत घातलेलं. त्या दिवशी अव्वा फाटकाशी न थांबता थेट वर्गाच्या दारात आली. डोक्यावरून पदर, हातात पितळी डबा. तिनं बाईंना विचारलं, "बाई, आमचं पोरगी आलं का?"

वर्ग हसला. बाईही हसल्या. पुढच्या बाकावरच्या मुलीनं लगेच री ओढली, "पोरगी आलं, पोरगी आलं!" अव्वाही हसली. तिला वाटलं, सगळे आनंदानं हसतायत. मी मान खाली घालून पाटीवर काहीतरी गिरवत राहिले. डबा घ्यायला उठलेच नाही. शेवटी बाईंनी तो टेबलावर ठेवून घेतला.

संध्याकाळी घरी येऊन मी अव्वाला म्हणाले, "उद्यापासून शाळेत येऊ नको. तुला बोलता येत नाही." आणि हे मी मराठीत म्हणाले. तोवर मी तिच्याशी मराठीत कधी बोलले नव्हते.

अव्वा रागावली नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ती फाटकाबाहेर, शेंगावाल्याच्या गाडीमागं उभी राहिली. मी बाहेर जाऊन डबा घेतला. पुढं वर्षभर तसंच चाललं. माझ्या मैत्रिणी घरी आल्या की ती मागच्या दाराला जाऊन बसायची. नळावर ती पूर्वीसारखीच बोलायची, शेजारच्या बाईंशी, भाजीवालीशी. माझ्या मैत्रिणींसमोर मात्र ती पुन्हा मराठी बोलली नाही. 1996 ला ती गेली. पंधरा वर्षं होती माझ्याकडे, आणि मी तिला एकदाही म्हटलं नाही की अव्वा, तू बरोबर बोलत होतीस.

त्या दिवसापासून मी घरातही मराठीच बोलू लागले. अम्मा तेलुगूत विचारायची, मी मराठीत उत्तर द्यायचे. हळूहळू अम्मानंही माझ्याशी तेलुगू सोडलं. तिला उलट बरंच वाटायचं, तिची मराठी सुधारत होती. देवनागरी ती माझ्या पाटीवरून शिकली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली टेंभुर्णीची पानं, हात आपोआप चाललेले, आणि नजर माझ्या पाटीवर. मी मोठ्यानं वाचायची, ती ओठातल्या ओठात म्हणायची. विडीच्या कार्डावर ती आधी तेलुगूत सही करायची, गोल गोल अक्षरांची. मी चौथीत असताना तिनं पहिल्यांदा देवनागरीत सही केली आणि मला उठवून दाखवली. रात्रीचे दहा वाजून गेले होते.

पण मोजायची ती तेलुगूतच. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे झाले की हजार. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. दोरा गुंडाळताना चालणारी ती मोजणी मला आजही झोपेत ऐकू येते. मध्ये कुणी मराठीत काही विचारलं तर ती मराठीत उत्तर द्यायची आणि मोजणी जिथे सुटली तिथूनच तेलुगूत उचलायची. आकडा मात्र हलायचा नाही. कारखान्यात माल तपासताना विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या जायच्या, त्याची मजुरी मिळायची नाही. तिथे हुज्जत घालायची ती मराठीत. पण किती छाट निघाली हे मनात धरलेलं असायचं ते तेलुगूत.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ उठला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्या सांगत होत्या की जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे लहान मुलांना हे आकडे जड जातात, इंग्रजीत आणि दक्षिणेतल्या भाषांत ते सरळ क्रमानं येतात. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही वाद झाला. भाषेचा मुडदा पाडला, असंही कुणी म्हणालं. मी गप्प बसले. अव्वाचं नाव काढायचं धाडस झालं नाही, जसं दुसरीच्या वर्गात झालं नव्हतं.

माझं मत आज सांगते. एकोणसाठ शिकवायलाच हवं, ते आपलं आहे, बाजारात आणि घरात तेच चालतं, आणि मुलं शिकतातही. मी वर्गात दोन्ही म्हणून घेते. पण 'पन्नास नऊ' म्हणणाऱ्या पोराला संख्या कळलेली असते, पाच कुठं आणि नऊ कुठं हे त्याला पक्कं माहीत असतं. त्याला चूक म्हणून लाल शाई मारायला माझा हात उठत नाही.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी आली, उत्तर प्रदेशातल्या पूर्वेकडच्या जिल्ह्यातली. वडील पीओपीचं काम करतात, शहरात नवीन फ्लॅट होतायत तिकडे. मुलगी हुशार. दोन महिन्यांत कामापुरती मराठी बोलू लागली. पण स्वतःबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणायची. "बाई, आम्ही डबा नाय आणला." "बाई, आम्ही काल आजारी होतो." एक दिवस मागून एका मुलानं विचारलं, "आम्ही म्हणजे कोण कोण गं?" आणि वर्ग हसला.

तोच आवाज. चाळीसहून जास्त वर्षांनी तसाच.

मी खडू खाली ठेवला. मुलांना म्हटलं, हिच्या घरी 'मी'ला 'हम' म्हणतात. तुमच्या घरी काय म्हणतात ते सांगा बघू. 'नानु' आलं, 'नेनु' आलं, 'मैं' आलं, आमच्याकडच्या लमाण तांड्यावरचा एक मुलगा 'म' म्हणाला. मग मी फळ्यावर 59 लिहिलं आणि प्रत्येकाला घरच्या भाषेत वाचायला सांगितलं. कानडीवाल्यांनी 'ऐवत्तोंबत्तु' म्हटलं. तेलुगू आडनावांची मुलं वर्गात अकरा होती, त्यातल्या तिघांनाच 'याभै तोम्मिदि' आलं. त्या मुलीनं 'उनसठ' म्हटलं. मग मी विचारलं, मराठीत काय? ती पटकन म्हणाली, "एकोणसाठ." तिला ते अवघड गेलंच नव्हतं. हिंदीतही साठवरून एक मागे येतात ना. जे अव्वाला जन्मभर जमलं नाही ते हिला दोन महिन्यांत आलं, आणि जे अव्वाला न शिकता येत होतं ते 'आपण-आम्ही' हिला अडतंय. त्या दिवशी मला नीट दिसलं की शिकणाऱ्याच्या चुकीत त्याची आईची भाषा बोलत असते. आपल्याला ऐकता आलं तर त्यावरून त्याचं गाव सांगता येईल.

ते फळ्यावरचे आकडे आम्ही नंतर कार्डशीटवर लिहून भिंतीवर लावले. 'ऐवत्तोंबत्तु' सगळ्यांना इतकं आवडलं की मधल्या सुट्टीत लंगडी खेळताना पोरं तेच ओरडत होती.

त्याच वर्षी मुलांना भय्या चौकात डॉ. कोटणीसांच्या स्मारकात नेलं होतं. त्यांचा जन्म सोलापूरचाच, 1910 चा. 1938 ला पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि 1942 ला तिथेच वारले. हे सगळं मी सांगितलं. मुलांचा पहिला प्रश्न होता, "बाई, पेशंट त्यांना कुठं दुखतंय ते कसं सांगायचे?" मी म्हटलं, ते चिनी शिकले. त्या मुलीनं विचारलं, "त्यांना कोणी हसलं का?" मला उत्तर माहीत नव्हतं. मी तेच सांगितलं.

आता माझ्या लेकीचं. ती इंग्रजी माध्यमातली. घरात मी आणि तिचे वडील, दोघंही तेलुगू आडनावांचे, दोघंही तिच्याशी मराठीतच बोललो. कारण तेच, तिला कुणी हसू नये. तिला तेलुगू आलं ते फक्त आकडे. शाळा सुटली की ती माझ्या अम्माकडे जायची, अम्मा विड्या वळायची आणि ही कट्टे मोजायची. शिव्या आल्या दोन-चार. बतुकम्माची गाणी सुरात यायची, 'उय्यालो' म्हणत टाळ्याही बरोबर पडायच्या, अर्थ एकाही ओळीचा माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला नोकरी लागली ती हैदराबादला, गच्चीबावलीत. सोलापुरातून रात्रीच्या गाडीला बसलं की सकाळी हैदराबाद. ज्या वाटेनं अव्वा इकडे आली, जवळपास त्याच वाटेनं ती तिकडे गेली. तिचं आडनाव वाचून ऑफिसात सगळे तिच्याशी धाडधाड तेलुगू बोलू लागले. तिला काही कळेना. "तेलुगू आडनाव आणि तेलुगू येत नाही?" हा प्रश्न पहिल्या महिन्यात तिनं इतक्यांदा ऐकला की एका रात्री फोनवर रडली. मला म्हणाली, "आई, तू का नाही शिकवलंस?"

मी काय सांगणार होते? 1981 ची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतली. मग बराच वेळ दोघीही काही बोललो नाही.

ती आता शिकतेय. मोबाईलवरच्या धड्यांवरून थोडं, खोलीतल्या गुंटूरच्या मैत्रिणीकडून थोडं, पण सगळ्यात जास्त अम्माकडून. दर रविवारी सकाळी ती अम्माला फोन करते आणि अर्धा तास फक्त तेलुगू. अम्माचं तेलुगू साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं, त्यात अर्धं सोलापूर मिसळलेलं. ती मध्येच 'पण' म्हणते, 'मग' म्हणते. लेक ते तसंच्या तसं ऑफिसात बोलते. गुंटूरची मैत्रीण म्हणते, हे कुठलं तेलुगू, आमची नानम्मा, म्हणजे आजीसुद्धा असं बोलत नाही. पण कँटीनमध्ये भांडी घासणारी एक म्हातारी बाई आहे, सिरसिल्लाकडची, तिनं लेकीचं बोलणं ऐकून हातातलं काम थांबवलं आणि विचारलं, "तू कुणाची गं? आमच्याकडची दिसतेस." सिरसिल्ला म्हणजे विणकरांचंच गाव. लेकीनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात जे होतं ते तिच्या पहिल्या पगाराच्या दिवशीही नव्हतं.

तेलंगणात 2018 पासून शाळांत तेलुगू सक्तीचं करणारा कायदा आहे, आपल्याकडे 2020 चा मराठीचा कायदा आहे. असावेत. मी तर शिक्षिका आहे. पण अव्वाला मराठी शिकवली ती नळावरच्या शेजारणीनं, आणि लेकीला तेलुगू शिकवतेय ती रविवारी फोनची वाट बघत बसणारी एक पंचाहत्तर वर्षांची बाई. समोर कुणीतरी आपल्या बोलण्याची वाट बघतंय, असं असलं की भाषा येते. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीतून मला कळलेलं ते एवढंच.

रविवारी अम्मा फोनवर बोलत असते तेव्हा मी शेजारी भाजी निवडत बसते. सगळं कळतं मला. एक शब्दही अडत नाही. फक्त तोंडातून येत नाही. पंचेचाळीस वर्षं ते आत पडून आहे.

परवा मी ठरवून बोलले. दुपारी शाळेतून आले, अम्मा खिडकीशी बसली होती. चप्पल काढता काढता मी विचारलं, "अम्मा, तिन्नावा?"

तिनं माझ्याकडं बघितलं. पदर सावरला.

"जेवले गं," ती म्हणाली. "तू हातपाय धू आधी."